चाळीस उन्हाळ्यांचं ग्लूकल

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही. जुनी अर्धी कोरी आहे, पण तिच्यात तक्रारी फार झाल्या. या वहीत फक्त वस्तुस्थिती.

संकल्प दोनच. पहिला: संबोधीच्या पीएचडीत नाक खुपसायचं नाही. माझ्या भावाची, रत्नपालची मुलगी. इंदूरमध्ये तुकोगंजला माझ्याकडे राहते आणि रोज बसने सिमरोलला लॅबमध्ये जाते. तिचे गाईड मानस सर आहेत. मी फक्त आत्या.

दुसरा: पार्कात लक्ष्मीकांतशी बोलायचं नाही. पोलोग्राउंडच्या औषध कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला, माझ्या हाताखाली होता. एकदा पाचचं रीडिंग चारलाच लिहून घरी गेला. मुलीला ताप होता म्हणे. ताप मुलीला होता, बॅचला नव्हता. मी रिपोर्ट केला, त्याने नोकरी सोडली. एकोणीस वर्षं झाली. अजून रोज सकाळी गुड मॉर्निंग मॅडमजी म्हणतो. मुद्दाम म्हणतो.

माझ्या टेबलामागे चौतीस वर्षं पाटी होती: आधी करा, मग लिहा. त्याला वाचता येत होतं.

३ मार्च. संध्याकाळी ७.३०

पहिला संकल्प परिस्थितीमुळे स्थगित.

संबोधी बूट न काढता सोफ्यावर बसली. मी काही बोलले नाही, यावरून प्रसंग कळावा. ग्लूकलची, म्हणजे साखरेपासून बनणाऱ्या एका रसायनाची, बाटली तिच्या हातून निसटली. सिंकमध्ये काच, पाणी आणि शेवटचे बारा ग्रॅम. नवी बाटली मागवली तर सहा आठवडे.

चोवीस तारखेला तिचा शेवटचा सेमिनार. कमिटीतले बाहेरचे मेंबर पंचवीसला परदेशी जातात ते जुलैपर्यंत. फेलोशिप एकतीसला संपते. हैदराबादची नोकरी एप्रिलच्या पलीकडे थांबणार नाही. आणि थीसिसमधला एक, शेवटचा, कंपाउंड बाकी आहे. तो ग्लूकलशिवाय होत नाही.

म्हणाली, उद्यापासून मीच बनवायला घेते आत्या, पाच-सहा दिवस जातील, और क्या.

मी म्हटलं, कशाला? माझ्याकडे आहे.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ८.००

बाटली काढली. बाल्कनीतलं लोखंडी कपाट, खालचा कप्पा, दिवाळीच्या पणत्यांच्या मागे. चाळीस ग्रॅम. लेबल माझ्या हातचं: ट्रायॲसिटिल ग्लूकल, नोव्हेंबर १९८५. अक्षर बघण्यासारखं. महूच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर एका वाकड्या अक्षरासाठी पान फाडायच्या. आता मुलांची पानं फाडली तर पालक येतात.

ग्लूकल चोपन्न डिग्रीला वितळतं, म्हणून लोक ते फ्रिजमध्ये ठेवतात. ज्यांना ठेवायचंय त्यांनी ठेवावं. माझं तीस उन्हाळे महूला बाबांच्या पत्र्याच्या खोलीत होतं. मे महिन्यात त्या खोलीत मेणबत्त्या वाकायच्या. नंतरचे दहा उन्हाळे या कपाटात, पश्चिमेच्या उन्हात. आणि आज? एक गाठ नाही. बाटली हलवली की रेतीसारखी सळसळते. याला शुद्धता म्हणतात.

१९८५ मध्ये माझ्या गाईडना ही शुद्धता सहन झाली नाही. म्हणाले, मिस गिरिजा, धिस इज नॉट ग्लूकल. मी म्हटलं, टेस्ट वहीत लिहिलेली आहे. ते म्हणाले, माझ्यासमोर परत करून दाखवा. मी दाखवली नाही. स्वाभिमान म्हणून काही असतं. पीएचडी सोडली, कंपनीत लागले. बाबा, सुभेदार भाऊराव, तोवर अख्ख्या महूला सांगून बसले होते की पोरगी शक्कर बनाती है. लोक विचारायचे, किस मिल में?

बाटलीला हिरवं लेबल लावलं. आमच्याकडे पिवळं म्हणजे थांबा, लाल म्हणजे नापास, हिरवं म्हणजे पास, वापरा. रिटायर होताना तिन्ही रोल घेऊन आले होते.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी

बाटली दिली. संबोधी खूश. म्हणाली, आत्या, वापरण्याआधी एकदा एनएमआर मशीनवर पदार्थ ओळखून घ्यायला हवा, पण मशीन हीलियम भरण्यासाठी बंद आहे, वीस तारखेला सुरू होईल. तोवर ब्रोमीन टेस्ट करून घेऊ का?

मी तिच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. कंपनीत या पाहण्याने दोन सुपरवायझर रडले होते.

म्हणाली, नको, हिरवं लेबल आहे ना, ठीक आहे.

रिअॅक्शन तिला मीच समजावली. तिला येते, पण माझ्यासारखी नाही. साधी साखर म्हणजे शिस्तीतला वर्ग, प्रत्येक कार्बनचे सगळे हात गुंतलेले. ग्लूकलमध्ये पहिल्या दोन कार्बनांनी एकमेकांचे दोन-दोन हात धरलेले असतात, म्हणजे डबल बाँड, म्हणून ती असंतृप्त. आता चिमूटभर ॲसिड घालून एखादं अल्कोहोल वर्गात सोडा. तिसऱ्या जागेवरची मुलगी उठून जाते, हातात हात एक बाक मागे सरकतात, आणि नवी मुलगी पहिल्या बाकावर येऊन बसते. बहुतेक वेळा खालच्या बाजूने. बस. मग सरकलेल्या डबल बाँडवर पुढे काय हवं ते बांधा. कितीतरी अँटिबायोटिक्सना शेपटीसारखी एक विचित्र साखर असते, एखादा ऑक्सिजन कमी असलेली. तिचा रस्ता असाच ग्लूकलवरून जातो.

संबोधी म्हणाली, आत्या, तू शिकवायला हवं होतंस.

हे मी १९८५ पासून सांगते आहे.

८ मार्च, शनिवार. सकाळी ६.३०

आज संबोधीची रिअॅक्शन यशस्वी झाली. माझ्या ग्लूकलचं चीज झालं.

८ मार्च. संध्याकाळी ६.००

वरची नोंद रद्द. झाली नाही. बर्फात अर्ध्या तासात व्हायला हवी होती, चार तास ढवळलं. टाकलं तेच परत मिळालं. ॲसिड जुनं असणार. बोरॉन ट्रायफ्लोराइडची बाटली उघडी राहिली की ते हवेतलं पाणी पितं. आजकालची मुलं झाकणं लावत नाहीत. तिला सांगितलं. ती म्हणाली, बाटली परवाच उघडली. मी म्हटलं, उघडलीस ना, तेच म्हणते.

११ मार्च, मंगळवार

दुसऱ्यांदाही नाही. नवं ॲसिड, सुकवलेली भांडी, नायट्रोजन, सगळं. टाकलं तेच परत, एका मिलिग्रॅमचाही फरक नाही.

अल्कोहोल ओलं असेल. किंवा तिचा हात. हे तिला बोलले नसते, पण विषय निघाला. सकाळी पोह्यांवर शेव घातली नाही तेव्हाच कळायला हवं होतं. अर्धी प्लेट ठेवून गेली. जिन्यात थांबून म्हणाली, आत्या, माझ्या हातालाच गुण नाहीये यार. बाटली पण मीच फोडली ना.

मी म्हटलं, आत्मविश्वास ठेव. तो सोडून मी तिला सगळं दिलं आहे.

१२ मार्च, बुधवार. दुपारी

निव्वळ कुतूहल म्हणून. बाटलीतलं चिमूटभर मी घरी ठेवलं होतं. कंपनीत प्रत्येक बॅचचा नमुना ठेवतात, ती सवय. बारीक काचेच्या नळीत घातलं, नळीचं तोंड वर, आणि गॅसवर गरम पाण्यात धरलं. शेजारी थर्मामीटर.

चोपन्न. कोरडं. थांबले.
साठ. कोरडं.
ऐंशी. कोरडं.
अठ्ठ्याण्णव, पाणी उकळलं. रेतीसारखं सळसळलं.

हा थर्मामीटर मी दह्याच्या दुधासाठी वापरते. दुधाने खराब झाला. नवा आणायचा.

१३ मार्च, गुरुवार

नवा आणला. पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळलं.

इंदूर उंचावर आहे, हा एक मुद्दा.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

संबोधी खेळली नाही, लॅबमध्ये गेली. तिसऱ्यांदाही नाही. बोटं मात्र कुठल्याशा रसायनाने जांभळी करून आली. खालच्या मुलांना वाटलं ही पण खेळून आली, हॅप्पी होली दीदी म्हणाली. ही हसली आणि दार लावून रडली. नळ सोडला होता, पण आमच्या नळाला इतका आवाज नाही.

मी दाराबाहेरून म्हटलं, मालपुए आहेत. मी एकटीने खाल्ले. मालपुए चांगले झाले होते.

१५ मार्च, शनिवार. दुपारी

१९८५ ची प्रयोगवही काढली. केवळ अक्षर बघायला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. मेल्टिंग पॉइंट ५४. ब्रोमीनचा नारिंगी रंग गेला, म्हणजे डबल बाँड आहे. वेळ: सायंकाळी ६.००. सही.

सुंदर पान. एक खाडाखोड नाही.

फक्त एक गोष्ट खटकली. बाबांचा नियम होता, महूची सव्वापाचची बस. नंतरची नाही. तीन वर्षांत मी ती एकदाही चुकवली नाही. हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते.

मग सहाला मी लॅबमध्ये कशी?

त्या दिवशी बस उशिरा आली असेल.

१५ मार्च. संध्याकाळी

बस उशिरा आली असती तरी मी बस स्टँडवर असते.

१७ मार्च, सोमवार

संबोधीने वही-पेन घेऊन दिवस मोजले. म्हणाली, आत्या, आणखी एकदा करून बघते. नाही झालं तर वीसला सकाळी दहाला मानस सरांना मेल टाकते, सेमिनार कॅन्सल. हैदराबादला पण नाही कळवते. टेंशन नको घेऊ, महूला पप्पांकडे जाऊन राहीन थोडे दिवस.

मला म्हणते टेंशन नको घेऊ. स्वतःचे ओठ चावून सोललेत.

तिला मी सांगणार होते की बाटलीची खात्री करून घे. पण पुरावा नसताना बॅचवर संशय घेणं नियमात बसत नाही. आधी पुरावा.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५.००

पुरावा आणला. सविस्तर लिहिते, कारण हे पान मलाच वाचावं लागणार आहे.

ब्रोमीन घरी ठेवत नाहीत. पोलोग्राउंडला एक खासगी टेस्टिंग लॅब आहे, तीन खोल्या, स्वच्छ. ती लक्ष्मीकांतची आहे हे मला माहीत होतं, पण काउंटरवर तो बसत नसेल असं गृहीत धरलं. पावडरच्या पाकिटावर दुसरंच नाव लिहिलं: सुमन, गृहिणी.

दोन मिनिटांत तो स्वतःच पाकीट घेऊन बाहेर आला. म्हणाला, आइए सुमनजी. मग मराठीत, मॅडमजी, या अक्षरात मी चौदा वर्षं शेरे खाल्ले, विसरेन का?

आत नेलं, खुर्ची दिली. पावडर विरघळवली. ड्रॉपरमध्ये ब्रोमीन घेतलं, रजिस्टर उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघून अगदी अदबीने विचारलं, मॅडमजी, पहले लिखूँ या पहले करूँ?

मी म्हटलं, करा.

एक थेंब. नारिंगी. दोन. नारिंगी. ग्लूकल असतं तर थेंब पडताक्षणी रंग गेला असता. तीन थेंबांवर नळी संत्र्याच्या गोळीसारखी दिसत होती.

मी म्हटलं, तुमचं ब्रोमीन जुनं असेल.

तो वाद घालत नाही, हे मला आठवलं. तेव्हाही घातला नव्हता. उठला, जेवणाचा डबा उघडला, लोणच्यावरचं तेल दोन थेंब दुसऱ्या नळीत घेतलं, विरघळवलं, वर तेच ब्रोमीन टाकलं. रंग गेला. आणखी टाकलं, गेला. लोणच्याचं तेल असंतृप्त निघालं. माझं ग्लूकल नाही.

म्हणाला, रिपोर्ट किस नाम से बनाऊँ? मी पर्सची चेन लावली. त्याने नावाची जागा कोरी सोडली, चहा मागवला. त्याच्या मुलीबद्दल विचारायचं मनात होतं. ती आता केवढी असेल, याचा हिशेब करण्यात चहा संपला.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

आज संबोधीला सांगायचं होतं. पण गेर आहे, रंगपंचमीची मिरवणूक. राजवाड्याकडचे रस्ते बंद, टँकरमधून रंग उडतोय, अर्धं शहर रस्त्यावर. ती कालपासून सिमरोलला मैत्रिणीच्या खोलीवर आहे, चौथी रिअॅक्शन लावून. अशा दिवशी माझ्या वयाच्या बाईने बाहेर पडू नये.

फोन आहे. पण अशा गोष्टी फोनवर सांगत नाहीत.

दुपारी ३.००

फोन केला. जेवलीस का विचारलं. हो म्हणाली. खोटं.

४.१५

फोन केला. चौथीही नाही. मेल लिहून ठेवलाय म्हणाली, मला वाचूनही दाखवला. आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू दॅट आय हॅव नॉट बीन एबल टू. चांगलं इंग्लिश. एक स्वल्पविराम चुकला होता, तो सांगितला.

६.००

खाली मुलं बेसन आणि दूध लावून रंग उतरवताहेत. उतरत नाही. बराच वेळ बघत बसले.

बाटलीवरचं हिरवं लेबल मीच चिकटवलं होतं. टेस्ट न करता. हेच लक्ष्मीकांतने केलं असतं तर मी रिपोर्टची तीन पानं लिहिली असती. लिहिली होती. चार.

२० मार्च, गुरुवार. दुपारी १.३०

पहिल्या बसने सिमरोल. पर्समध्ये लाल लेबलांचा रोल. गेटवर गार्डने अडवलं, अम्माजी, बिना पास के नहीं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्यावर परिणाम झाला नाही. साडेनऊ झाले होते, मेल दहाला जाणार होता. संबोधीला फोन केला, गेटवर ये, बाटली घेऊन ये, मेल टाकू नकोस.

आली. केस विंचरलेले नाहीत, एका हातात माझी बाटली, दुसऱ्यात एक कागद. मी बसमध्ये भाषण तयार केलं होतं. १९८५ ची प्रयोगशाळा, भाड्याची भांडी, सव्वापाचची बस, बाबा. ते राहिलं. मी बाटली घेतली, हिरव्यावर लाल चिकटवलं आणि म्हटलं, संबोधी, हे ग्लूकल नाही. मी टेस्ट केली नव्हती. तेव्हाही नाही.

ती म्हणाली, हो आत्या, माहितीये. मशीन काल संध्याकाळीच सुरू झालं, आत्ताच रिझल्ट आला. कागद दाखवला. आलेखात ग्लूकलचा पहिला हायड्रोजन साडेसहाच्या आकड्याजवळ उभा असतो, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखा. तिथे काही नव्हतं. सपाट रेघ. ग्लुकोज पेंटाॲसिटेट आहे आत्या, म्हणाली. एकदम क्लीन.

पेंटाॲसिटेट म्हणजे ग्लूकलच्या दोन पायऱ्या आधीचा पदार्थ. माझं १९८५ चं ॲसिड मेलेलं होतं. पहिलीच पायरी झाली नाही. मी पुढे झिंक घालून ढवळत बसले, आणि जे घेतलं होतं तेच सुंदर स्फटिक करून बाटलीत भरलं. शंभरच्या वर वितळतं ते. मेणबत्त्या वाकल्या, ते कशाला वाकेल.

मी म्हटलं, निदान आता यातूनच बनव. चाळीस ग्रॅम आहे.

ती म्हणाली, याचा किलोचा डबा आहे आमच्या लॅबमध्ये. त्यातूनच बनवणार होते ना मी, चार तारखेला.

रागाने म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती बोटांवर दिवस मोजत होती. आज ब्रोमाइड, उद्या झिंक, शनिवारी कॉलमवर शुद्धीकरण, रविवारी रिअॅक्शन. सोमवारी सेमिनार. हो सकता है, म्हणाली. माझ्यासमोर मेल डिलीट केला. म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं ना आत्या, एवढं विचारलं आणि उत्तर न ऐकता पळत गेली.

बाटली माझ्याच हातात राहिली. गार्डने विचारलं, अम्माजी, शक्कर है क्या?

मी हो म्हटलं.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ८.००

तीन दिवस ती घरी नाही. मी फोन केला नाही. लिहिण्यासारखं हेच, की फोन केला नाही.

आत्ता तिचाच आला. झालं आत्या. बीस मिनट में. एकतीस मिलिग्रॅम. मागे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी

पास. एनएमआरचा कागद सेमिनारच्या तासभर आधी हातात आला. बाहेरच्या मेंबरांनी विचारलं, शेवटचा कंपाउंड कालच का बनला? संबोधी म्हणाली, स्टार्टिंग मटेरियलची आयडेंटिटी कन्फर्म नव्हती. ते म्हणाले, मग वापरलं कसं? ती म्हणाली, माझी चूक.

हे तिने मला जेवताना सांगितलं, दुसरी पोळी घेत. सहज. मी भाजी वाढली.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी

१९८५ ची वही. २२ नोव्हेंबरच्या दोन ओळी एका रेघेने खोडल्या, खालचं वाचता येईल अशा. बाजूला सही, आजची तारीख. कंपनीत हाच नियम होता, चूक लपवायची नाही. चुकणाऱ्यांना मीच शिकवत असे.

आता लक्ष्मीकांत. उद्या पार्कात त्याची माफी मागायची. मुलीबद्दल विचारायचं. शब्द ठरवले आहेत, मोजून चार वाक्यं.

२६ मार्च, बुधवार. सकाळी ५.४०

लक्ष्मीकांतची माफी मागितली. त्याला बोलता येईना. मुलगी मजेत आहे. मन हलकं झालं.

२६ मार्च. सकाळी ७.२०

वरची नोंद बाहेर पडण्याआधी लिहिली होती. एका रेघेने खोडली. सही, तारीख.

तो पार्कात होता. गुड मॉर्निंग मॅडमजी म्हणाला. मी मागच्या गेटने घरी आले.